पाणी सर्वांचे, धक्का एकाचा

मालकीची कल्पना जमिनीवर जन्मली आणि जमिनीच्याच भाषेत ती वाढली. बांध, हद्द, कुंपण, उंबरठा हे तिचे शब्द आहेत. शेताच्या बांधावरून पिढ्यानपिढ्या भांडणे झाली. तरी बांध कोठे आहे हे बोट दाखवून सांगता येत होते. पाण्याजवळ आल्यावर मात्र ही भाषा अडखळते. पाणी एका जागी राहत नाही. त्यात खांब रोवला तरी खांबाभोवतीचे पाणी खांब रोवणाऱ्याचे होत नाही. आणि त्या पाण्यातील मासा तर सकाळी एकाच्या घरासमोर असतो व सायंकाळी दुसऱ्याच्या. म्हणूनच खाजगी मालकी आणि सार्वजनिक पाणी जेथे एकमेकांना भिडतात तेथे कायद्याबरोबरच नीतीचाही एक प्रश्न उभा राहतो. ज्या गोष्टीचा हक्क आहे ती गोष्ट दुसऱ्याच्या दाराशी कशी करावी, असा तो प्रश्न आहे.

अमेरिकेतील सरोवरांवर हा प्रश्न रोज पहाटे उभा राहतो, आणि त्याचे निमित्त एक मासा असतो. लार्जमाऊथ बॅस हा गोड्या पाण्यातील मासा तेथील हौशी मासेमारांचे दैवतच म्हणावा लागेल. जॉर्जिया राज्यात १९३२ साली धरलेल्या बावीस पौंड चार औंसांच्या बॅसची कथा तेथे आजही सांगितली जाते. त्या वजनाची बरोबरी होण्यास २००९ साल उजाडावे लागले, आणि तीही झाली ती जपानमधील बिवा सरोवरात. हा मासा स्वभावाने पारधी आहे. पाठलाग करून दमण्यापेक्षा आडोशाला दबा धरून बसणे तो पसंत करतो. त्याला सावली हवी, आधार हवा, आणि समोरून जाणारी लहान मासळी हवी. सरोवराकाठच्या घरमालकाने आपल्या नावेसाठी पाण्यात बांधलेला लाकडी धक्का त्याला हे सारे एकाच ठिकाणी पुरवितो. फळ्यांखाली दिवसभर सावली असते, खांबांवर शेवाळ धरते, शेवाळाकडे लहान मासे येतात आणि लहान माशांच्या मागोमाग बॅस येतो. माणसाने स्वतःच्या सोयीसाठी बांधलेली वास्तू अशा रीतीने माशाचेही घर होते.

गळ टाकणाऱ्याला हे पुरते ठाऊक असते. तो आपल्या लहान नावेतून, विजेवर चालणारी मोटर मंद ठेवून, एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत जातो. सर्वांत मोठा मासा सर्वांत गडद सावलीत असतो. म्हणून बनावट आमिष धक्क्याच्या कडेला टाकून भागत नाही. मुले चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत फेकतात त्याप्रमाणे ते आमिष पाण्याला स्पर्शत धक्क्याच्या खाली, नावा बांधलेल्या दोरांच्या मधून, आतवर जावे लागते. हे कौशल्याचे काम आहे आणि त्यातच त्या छंदाचा आनंद आहे. परंतु कौशल्यही कधी चुकते. आमिष नावेच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर आदळते, गळ नावेवरील कापडी आच्छादनात रुततो, दोरात अडकलेला गळ तोडून टाकावा लागतो आणि तो तेथेच राहतो. त्याच दोराला धरून दुपारी त्या घरातील मुले पोहत असतात.

येथून तक्रारींना सुरुवात होते. घरमालक म्हणतो की धक्का माझा आहे, त्यासाठी मी पैसे मोजले आहेत, आणि पहाटे पाच वाजता माझ्या शयनगृहासमोर अनोळखी माणसे मोठ्याने बोलत उभी असतात. पाण्यावरून आवाज दूरवर जातो हे त्या माणसांना ठाऊक नसते किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नसते. मासेमार म्हणतो की मी धक्क्यावर पाऊलही ठेवलेले नाही, पाणी सर्वांचे आहे, आणि माझ्याजवळ राज्य सरकारचा परवाना आहे. मग कोणी बागेच्या नळीने पाण्याचा फवारा सोडतो, कोणी नावेजवळ दगड फेकून मासे पळवून लावतो. उलट बाजूने कोणी मुद्दाम त्याच धक्क्यासमोर तासभर ठाण मांडतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि तरीही दोघांच्या बोलण्यातून शांतता निर्माण होत नाही. खरे बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये भांडण का व्हावे, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्यांच्या हक्कांचे मूळ पाहिले पाहिजे.

हे मूळ फार जुने आहे. इसवी सन ५३३ मध्ये जस्टिनियन सम्राटाच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या मानल्या आहेत, आणि नद्यांमध्ये मासे धरण्याचा अधिकार सर्वांना दिला आहे. त्याहूनही लक्षणीय आहे तो नदीकाठाविषयीचा विचार. काठ ज्याच्या जमिनीला लागून आहे त्याच्या मालकीचा. पण त्या काठाला नाव लावण्याचा, काठावरील झाडाला दोर बांधण्याचा अधिकार मात्र सर्वांचा. मालकी आणि वापर या दोन गोष्टी एकाच वस्तूच्या ठिकाणी वेगवेगळ्या हातांत असू शकतात, हे त्या ग्रंथकारांनी सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

अमेरिकन न्यायालयांनी हा वारसा इंग्लंडच्या मार्गाने घेतला आणि आपल्या परीने वाढविला. शिकागोसमोरील मिशिगन सरोवराचा तळ इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला आणि १८७३ मध्ये ते दान मागे घेतले. १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मागे घेणे योग्य ठरविले. कारण असे पाणी राज्याकडे जनतेच्या वतीने ठेव म्हणून असते, आणि ठेवीदाराची ठेव सांभाळणाऱ्याने विकून टाकावयाची नसते. तथापि काठावरील जमीनमालकाला आपल्या जमिनीपुढे पाण्यात धक्का बांधण्याची मुभाही याच परंपरेने दिली. लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या जलाशयांवर तर धक्क्याचा परवाना देताना त्यातून कोणताही अनन्य हक्क मिळत नाही, असे नियमातच म्हटलेले आहे. धक्का एकाचा, पण त्याच्या खालचे पाणी त्या एकाचे नव्हे.

म्हणून कायद्याने प्रश्न सोडविला, असे मात्र नाही. मिसुरी राज्यातील मेरामेक नदीचा तळ खाजगी असला तरी तिच्यातून नावेने जाण्याचा, पाण्यातून चालण्याचा आणि मासे धरण्याचा जनतेला अधिकार आहे, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ठरविले. कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये नेमका उलट निर्णय दिला: खाजगी तळावरून वाहणाऱ्या पाण्यात केवळ विहारासाठी शिरण्याचा हक्क जनतेला नाही. एकाच कायदेपरंपरेत वाढलेल्या दोन न्यायालयांनी पाण्याकडे पाहून दोन उत्तरे दिली. सीमेच्या अलीकडे जे सदाचरण ते पलीकडे अतिक्रमण ठरत असेल, तर सदाचरणाचा आधार केवळ कायद्यात शोधून चालणार नाही.

काही जण हा आधार श्रमात शोधतात. जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला सिद्धांत प्रसिद्धच आहे: निसर्गात जे सर्वांचे आहे त्यात माणूस आपले श्रम मिसळतो आणि ते त्याचे होते. समुद्रात धरलेल्या माशाचे उदाहरण त्याने स्वतःच दिले आहे. या न्यायाने धरलेला मासा मासेमाराचा, हे उघड आहे. परंतु धक्क्याखाली मासा यावा म्हणून झाडाच्या फांद्या बांधून पाण्यात बुडविणारा आणि रात्री मासळी जमावी म्हणून दिवा लावणारा घरमालकही श्रमच मिसळीत असतो. त्यावर मासेमाराचे उत्तर तयार असते. १९५० च्या एका केंद्रीय कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावर बसविलेल्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे जातो. तेव्हा पाण्यातील प्रत्येक माशात त्याचाही वाटा असतो.

श्रमाचा हिशेब असा एकदा मांडू लागले की तो कोठेच थांबत नाही. मिसुरीतील ओझार्क सरोवराच्या किनाऱ्याची लांबी अकराशे मैलांहून अधिक आहे आणि तो किनारा खाजगी धक्क्यांनी गजबजलेला आहे. पण ते सरोवर निसर्गाने निर्माण केलेले नाही. एका वीज कंपनीने ओसेज नदीवर धरण बांधले, ते १९३१ मध्ये पुरे झाले, आणि लिन क्रीक नावाचे जुने गाव पाण्याखाली गेले. आज ज्याला आपला किनारा म्हणून घरमालक मिरवितो तो किनारा कोणाच्या तरी शेताचा वा टेकडीचा माथा होता. त्याला किनारा बनविले ते इतरांच्या श्रमाने आणि इतरांच्या विस्थापनाने. धरणग्रस्तांच्या कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. जेथे मुळातील हानीचा हिशेबच पुरा झालेला नाही, तेथे एका माशावरील श्रमाचा हक्क सांगणाऱ्या दोघांनाही थोडे अवघडल्यासारखे वाटले पाहिजे.

तेव्हा हक्काची मीमांसा एका मर्यादेपर्यंतच नेते. ‘येथे येता येईल काय?’ या प्रश्नाला हक्क उत्तर देतो. ‘येथे कसे यावे?’ हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. आणि सरोवराकाठचे बहुतेक तंटे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या भाषेत दिल्यामुळे निर्माण होतात. मुलांच्या पायाला गळ लागेल, असे घरमालक म्हणतो तेव्हा तो मालकीविषयी बोलत नसतो, भीतीविषयी बोलत असतो. पण त्याच्या ओठांवर शब्द येतो तो मालकीचा, कारण भीती कबूल करण्यापेक्षा मालकी सांगणे सोपे असते. मासेमारही परवाना दाखवितो तेव्हा त्याला परवान्याविषयी फारसे काही म्हणावयाचे नसते. आपल्याला चोर समजले गेले, हे त्याचे खरे दुःख असते.

या गैरसमजाला एक वास्तुशास्त्रीय कारणही आहे. रस्त्याकडून येणाऱ्या परक्यासाठी प्रत्येक समाजाने शतकानुशतके एक शिष्टाचार घडविलेला आहे. फाटक, अंगण, कडी, घंटा, उंबरठा या प्रत्येक टप्प्यावर येणारा थांबतो, आपली चाहूल देतो आणि आतल्याला सावरण्यास अवधी मिळतो. सरोवराकाठच्या घराला मात्र दुसरे तोंड असते. त्याच्या मोठ्या काचा, त्याचा सज्जा, त्याचे निवांत बसण्याचे ठिकाण हे सारे पाण्याकडे असते. जे घराचे परसदार, ते नावेतून येणाऱ्याचे मात्र समोरचे दार असते. तेथे घंटा नाही, कडी नाही, थांबण्याची जागा नाही. त्यामुळे मासेमार कोणताही नियम न मोडता माणसाच्या खाजगी जीवनाच्या इतका निकट येतो, की रस्त्याने येणाऱ्याने तसे केले असते तर तो उद्धटपणा ठरला असता. जेथे रूढीने उंबरठा घालून दिलेला नाही तेथे तो ज्याचा त्याने आपल्या मनात घालावा लागतो. मराठीत ज्याला शेजारधर्म म्हणतात त्याचा हा प्रांत आहे. शेजार हा निवडलेला नसतो, कराराने आलेला नसतो. तो जवळ असण्यातूनच निर्माण होतो. नावेतील माणूस दहा मिनिटांपुरता का होईना, पण शेजारीच असतो.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि त्याला बगल देता येणार नाही. सौजन्याने हक्क झिजतो, असा तो आक्षेप आहे. आज एक मासेमार रागावलेल्या घरमालकाकडे पाहून पुढे गेला, उद्या दुसरा गेला, तर परवा ‘येथे कोणी थांबत नाही’ ही रूढी होते आणि तेरवा त्या रूढीलाच कोणी हक्क म्हणू लागतो. सार्वजनिक वस्तू खाजगी होण्यास नेहमी दरोडाच पडावा लागतो असे नाही. सभ्य माणसांच्या मुकाट्याने मागे सरण्यानेही ती खाजगी होते.

हा आक्षेप काल्पनिक नाही, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या काठच्या घरांतील अनेक मालकांकडे तळ्याकडेच्या जमिनीच्या पट्ट्या आणि घाट होते. तळे मात्र नगरपालिकेचे होते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तेथे जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी दावा लावला, तो तळे आपले असल्याचा आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची परंपरा असल्याचा. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अखेर फेटाळला. महाडचा प्रश्न आणि हौशी मासेमारीचा प्रश्न एका पारड्यात घालणे हा अविचार होईल: एकीकडे तहान आणि माणूसपण होते, दुसरीकडे सुटीच्या दिवसाचा विरंगुळा आहे. पण लहान प्रश्नाला मोठ्या प्रश्नाकडून शिकता येते. काठावरची मालकी हळूहळू पाण्यात उतरते, आणि लोकांच्या न येण्यालाच पुरावा म्हणून पुढे करते, हे महाडने दाखवून दिले आहे. अशा ठिकाणी मागे सरणे हे सौजन्य नसते. तो आपल्यामागून येणाऱ्या सर्वांच्या हक्काचा त्याग असतो, आणि इतरांची वस्तू दान करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग सौजन्य आणि शरणागती यांत भेद कसा करावयाचा? हा भेद बाह्य कृतीत नाही. कृती तर एकच असते, नाव पुढे सरकते. भेद आहे तो कोणासाठी सरकली यात. माणसासाठी सरकणे वेगळे आणि दाव्यासाठी सरकणे वेगळे. धक्क्यावर मुले पोहत आहेत, कोणी वृद्ध गृहस्थ स्वतः गळ टाकून बसले आहेत, पाहुण्यांचा मेळा जमला आहे, अशा वेळी तो धक्का सोडून पुढच्या धक्क्याकडे जाणारा मासेमार काहीच गमावीत नाही. कारण त्याने समोरच्या माणसाची त्या क्षणाची गरज मान्य केली आहे, त्याची मालकी नव्हे. उलट ‘हे पाणी माझे आहे’ या वाक्यापुढे निमूटपणे निघून जाणे म्हणजे ते वाक्य खरे मानणे होय. तेथे शांतपणे, आवाज न चढविता, ‘पाणी सर्वांचे आहे, पण आपल्याला अडचण होत असेल तर सांगा’ असे म्हणता आले पाहिजे. या एका वाक्यात हक्काचा उच्चार आहे आणि सौजन्याचाही. पहिल्या अर्धाखेरीज दुसरा भित्रेपणा ठरतो, दुसऱ्याखेरीज पहिला उर्मटपणा.

हक्क ज्याचा भक्कम त्याच्यावर संयमाचा भार अधिक, असा एक नियम यातून काढता येईल. ज्याला कोणी हाकलू शकत नाही त्यानेच आवाज खाली ठेवावा, नावेच्या आच्छादनाजवळ आमिष फेकण्याचा मोह आवरावा, अडकलेला गळ दोर तोडून तेथेच न टाकता जवळ जाऊन काढून घ्यावा, नुकसान झालेच तर कोणी पाहिले नसतानाही ते सांगावे. यातील एकही गोष्ट कायद्याच्या भयाने व्हावयाची नाही. ती जेव्हा होते तेव्हा स्वेच्छेनेच होते, आणि म्हणूनच तिला नैतिक मूल्य आहे.

घरमालकाच्या बाजूलाही असाच भार आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांनी कायदेशीर मासेमारीत मुद्दाम व्यत्यय आणणे हा गुन्हा ठरविला आहे; पण दगड न फेकणे एवढ्यानेच शेजारधर्म पुरा होत नाही. त्याने विकत घेतली ती जमीन आणि बांधला तो धक्का. समोरचे दृश्य त्याला विनामूल्य मिळाले आहे. त्या दृश्यात इतर माणसे असणार, कारण ते सर्वांचे आहे म्हणूनच ते मोकळे राहिले आहे. सरोवर खरोखरच काठावरच्या मालकांत वाटले गेले असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक डबके आले असते. ज्या सार्वजनिकतेची त्याला पहाटे अडचण वाटते, तीच सायंकाळी त्याच्या सज्जातून दिसणाऱ्या विस्ताराची जामीन असते.

या वादात आणखी एक पक्ष आहे, ज्याची साक्ष कोणी काढीत नाही. वसंतात पाणी कोमट होऊ लागले की नर बॅस उथळ पाण्यात, पुष्कळदा धक्क्याच्याच आसऱ्याने, शेपटीने तळ साफ करून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर राहतो आणि अंड्यांची, मग पिलांची राखण करतो. त्या दिवसांत तो आमिषावर तुटून पडतो तो बहुधा भुकेने नव्हे, राखणीच्या आवेशाने. त्याला धरून नेले की थोड्याच अवधीत इतर मासे अंडी खाऊन टाकतात. रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये बॅसच्या स्पर्धांतून मासा जिवंत सोडण्याची प्रथा रुजविली, तिने असंख्य मासे वाचले हे खरे. पण तासाभराने दुसरीकडे सोडलेल्या नराला परतल्यावर घरटे रिकामे सापडते. घरासमोर परका आला म्हणून संतापणारा घरमालक आणि पाण्याखाली आपल्या घरट्यासमोर आलेल्या गळावर झेपावणारा मासा यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. फरक इतकाच की माशाजवळ खरेदीखत नाही. हक्कांची सारी चर्चा ज्याच्यासाठी चालली आहे त्याच्या वाट्याला त्या चर्चेत काहीच येत नाही. त्याच्या वाट्याला येऊ शकतो तो फक्त माणसाचा संयम. ज्याच्याकडून कोणताही प्रतिदावा होणे नाही त्याच्याशी माणूस कसा वागतो, यावरूनच त्याच्या सौजन्याची खरी परीक्षा होते. कारण शेजाऱ्याशी नमते घेण्यात थोडाफार हिशेब असू शकतो, माशाशी घेण्यात तो नसतो.

ही चर्चा दूरच्या सरोवरांपुरती राहिलेली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठी एका हॉटेलला दिलेली जमीन परत घेण्याचा आदेश दिला, तेव्हा शिकागोच्या १८९२ च्या निर्णयाचा आणि त्यामागील रोमन विचाराचा आधार घेऊन, नद्या व किनारे ही जनतेची ठेव आहे हे तत्त्व भारतीय कायद्यात आणले. त्या तत्त्वाने पाणी राखले जाईल. परंतु राखलेल्या पाण्यावर माणसे एकमेकांजवळ कशी वावरतील, हे तत्त्व सांगत नाही. ते काम पहाटेच्या धुक्यात, काठावरील एका माणसाने आणि नावेतील एका माणसाने, कोणताही न्यायाधीश जवळ नसताना, प्रत्येक वेळी नव्याने करावयाचे आहे.